जांबोटीच्या लाइनला दुसरी वाट

मागल्या पावसाळ्यात एका दुपारी आमच्या सोसायटीच्या जांबोटी शाखेचा काउंटर अडीच तास बंद राहिला. खानापूरहून येणारी फायबर रस्त्याच्या कामात तुटली होती. आता जांबोटीला दुसरी लाइनच नव्हती असंही नाही. मोबाइलच्या सिमवर चालणारा, बेळगावच्या मुख्य कार्यालयाला थेट जोडणारा टनेल, म्हणजे इंटरनेटच्या आतून काढलेली खासगी वाट, तिथं होता. त्याचे पैसे सोसायटी दर महिन्याला भरत होती आणि त्या दुपारी तो चालूही होता. तरी त्याच्यावरून माहितीचं एक पॅकेट गेलं नाही.

कणकुंबीकडच्या एका वाडीतून एक आजोबा बसनं पैसे काढायला आले होते. लेक बाळंतपणाला बेळगावात दवाखान्यात होती. दोन तास बाकावर बसले आणि परतीची बस चुकेल म्हणून तसेच उठून गेले. मी तेव्हा निपाणी शाखेत होते. कॅशियर मावशींचा फोन आला. "पैसे त्यांचे, पासबुक त्यांच्या हातात, आणि आम्ही सिस्टीम नाही म्हणून सांगायलोय," एवढंच त्या म्हणाल्या. पुढं जे काही केलं ते मी त्या वाक्यापायी केलं.

दोष कुठं होता ते संध्याकाळी कळलं. बेळगावच्या राउटरमध्ये, म्हणजे पॅकेट कुठल्या वाटेनं जायचं ते ठरवणाऱ्या डब्यात, जांबोटीसाठी दोन स्टॅटिक राउट होते, म्हणजे हातानं लिहून ठेवलेल्या वाटा. पहिला खानापूरमार्गे. दुसरा टनेलमार्गे, पण त्याला अंतर २०० दिलेलं, म्हणजे पहिला टेबलातून, वाटांच्या यादीतून, गेला तरच दुसऱ्यानं त्याची जागा घ्यायची. कागदावर हे चोख दिसतं. पण पहिला जाणार कधी? बेळगावच्या राउटरचा स्वतःचा इंटरफेस, म्हणजे केबल लागते ते तोंड, पडला तरच. तुटलं होतं खानापूरच्या पुढं. बेळगावला खानापूरपर्यंतची लाइन ठणठणीत दिसत होती आणि पुढचं सांगणारं कुणी नव्हतं. जांबोटीतही तेच. राउटरची केबल शेजारच्या मीडिया कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे साधी केबल फायबरला जोडणाऱ्या डब्यात, जाते. बाहेर फायबर तुटली तरी त्या डब्याचा राउटरकडचा दिवा हिरवाच राहिला. दोन्ही राउटर प्रामाणिकपणे सांगत होते की आपल्या दारापुढचा रस्ता नीट आहे, आणि त्या रस्त्यावर पॅकेटं पाठवत होते.

बेळगाव, खानापूर, जांबोटी हा आमच्या नेटवर्कचा त्रिकोण, आणि नकाशावरही तो त्रिकोणच आहे. बेळगावहून खानापूरला सरळ रस्ता, खानापूरहून जांबोटीला एक फाटा, आणि बेळगावहून चोर्ला घाटाकडं जाणारा रस्ता जांबोटीवरूनच. त्या भागातल्या कुठल्याही टेम्पोवाल्याला विचारा, एक रस्ता बंद असला तर तो दुसऱ्यानं जातो, त्याला बेळगावातून कुणी फोन करून सांगावं लागत नाही. कारण रस्ते त्याच्या डोक्यात आहेत आणि बंद रस्त्याची बातमी त्याला वाटेतल्या माणसांकडून कळते. राउटरला हे शिकवायचं असेल तर डायनॅमिक राउटिंग लागतं, म्हणजे राउटरांनी एकमेकांशी बोलून वाटा स्वतः ठरवायच्या.

व्यवस्थापक आधी नको म्हणाले. "चालतंय ते कशाला हलवायचं?" त्यांचं चूक नव्हतं. काउंटर बंद पडला की लोकांसमोर त्यांना उभं राहावं लागतं. मी त्यांना त्या दुपारची गोष्ट परत सांगितली आणि कागदावर त्रिकोण काढून दाखवला. त्यांनी मला दोन रविवार दिले.

त्यांच्या बोलण्यासाठी कुठला प्रोटोकॉल, म्हणजे नियमावली, घ्यायचा याचा निर्णय फार अवघड नव्हता. आरआयपी सोपा, पण तो फक्त टप्पे मोजतो. बेळगाव ते जांबोटी टनेलनं एक टप्पा, खानापूरमार्गे दोन. म्हणजे आरआयपीनं रोजचा सगळा व्यवहार त्या बारीक मोबाइल लाइनवर टाकला असता आणि जाड फायबर मोकळी ठेवली असती. ओएसपीएफ हा दुसरा प्रोटोकॉल तसं करत नाही. त्यात प्रत्येक राउटर आपल्या लिंकांची माहिती सगळ्यांना कळवतो, प्रत्येकाकडं तोच पूर्ण नकाशा तयार होतो, आणि मग प्रत्येक जण स्वतःपासून सगळीकडं जायचा सगळ्यात स्वस्त मार्ग काढतो. तो काढायची रीत डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांची. त्यांनी ती १९५६ मध्ये शोधली आणि १९५९ मध्ये छापली, तेव्हा आजच्यासारखे राउटर अस्तित्वातही नव्हते. आज आपण वापरतो ती ओएसपीएफची दुसरी आवृत्ती १९९८ च्या एप्रिलमध्ये आरएफसी २३२८ या इंटरनेटच्या मानक म्हणून आली. इतकी जुनी आणि इतकी घासून तपासलेली गोष्ट आहे म्हणूनच सोसायटीच्या पैशाच्या व्यवहाराखाली ती घालायला माझा हात धजला.

येळ्ळूरला घरी रात्री जेवणं झाली की लॅपटॉपवर तीन राउटरांचं खोटं नेटवर्क उभं करून मी सराव केला. सगळं एकाच एरियात, म्हणजे ओएसपीएफच्या एकाच विभागात, एरिया शून्यात. एवढ्याशा जाळ्याला एरियांची फाळणी करण्यात काही अर्थ नाही. प्रत्येक राउटरला एक लूपबॅक पत्ता, म्हणजे कुठल्याही केबलला न बांधलेला पत्ता, दिला, बेळगाव १०.२५५.०.३, खानापूर १०.२५५.०.२, जांबोटी १०.२५५.०.१, आणि तोच राउटर आयडी म्हणून हातानं लिहिला. आयडी लिहिला नाही तर राउटर स्वतःच निवडतो, आणि पुढं कधी रीस्टार्ट झाल्यावर तो बदलूही शकतो. असल्या गोष्टी नशिबावर सोडू नयेत.

ओएसपीएफ कुठल्या लिंकांवर चालवायचा हे सांगणाऱ्या नेटवर्कच्या ओळीत मास्क, म्हणजे पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा, उलटा लिहायचा असतो. त्याला वाइल्डकार्ड मास्क म्हणतात. दोन राउटरांमधल्या लिंकला २५५.२५५.२५५.२५२ हा मास्क असतो, तर इथं ०.०.०.३. हातात बसेपर्यंत दोनदा चुकले. दुसरी सवय मी पहिल्यापासून लावून घेतली, ती म्हणजे आधी सगळे इंटरफेस पॅसिव्ह, म्हणजे गप्प, करायचे आणि मग फक्त राउटर-राउटरमधल्या लिंका उघडायच्या. शाखेतल्या कॉम्प्युटरांच्या बाजूला हॅलो पॅकेट, म्हणजे शेजारी राउटरला घातलेली हाक, पाठवायचं काही कारण नाही. उद्या कुणी तिकडून स्वतःला राउटर म्हणवून आपल्या नकाशात खोट्या वाटा घालू शकतो. त्याच कारणानं प्रत्येक लिंकवर शेजारी ओळखायची गुप्त की घातली. आणि फायबरच्या लिंका इथरनेटच्या असल्या तरी त्यांना पॉइंट टू पॉइंट सांगून ठेवलं. दोनच राउटर असताना त्यांच्यात मुख्य आणि उपमुख्य निवडायची निवडणूक कशाला हवी?

खर्चाचा हिशेब मात्र मला नीट बसून करावा लागला. सिस्कोचा राउटर १०० मेगाबिटला इंटरफेसच्या वेगानं भागून खर्च काढतो. आमचा फायबरचा इंटरफेस गिगाबिटचा, पण विकत घेतलेली लाइन त्याच्या पासंगालाही पुरत नाही. राउटरला सॉकेट दिसतं, महिन्याचं बिल दिसत नाही. म्हणून खर्च मी हातानं लिहिले. बेळगाव-खानापूर १०, खानापूर-जांबोटी २०, बेळगाव-जांबोटी टनेल ५००. शाखेच्या आतल्या इंटरफेसचा १. म्हणजे बेळगावहून जांबोटीच्या कॉम्प्युटरांपर्यंत फायबरनं ३१ आणि टनेलनं ५०१. हे दोन आकडे मी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिले. नंतर राउटरनं दाखवलेला आकडा या दोनपैकी एकाशी जुळला पाहिजे, नाहीतर माझ्या डोक्यातला नकाशा आणि त्याच्या डोक्यातला नकाशा वेगळा.

पहिल्या रविवारी सकाळी टिळकवाडीतल्या मुख्य कार्यालयात बसले. माझा सहकारी बैलहोंगलचा, घरी कन्नड बोलणारा पोरगा. मराठी आमच्याकडं येऊन शिकला. तो खानापुरात राउटरपाशी होता. एखादी ओळ चुकली आणि राउटर दुरून हाताला लागेना, तर कन्सोल केबल लावायला तिथं माणूस हवा. जुने स्टॅटिक राउट मी तसेच ठेवले होते. नवी वाट पक्की झाल्याशिवाय जुनी मोडायची नाही.

खानापूर दहा मिनिटांत जुळलं. लॉगमध्ये, म्हणजे राउटरच्या नोंदींत, लोडिंग टू फुल, शेजार पूर्ण जुळला, अशी ओळ आली आणि फोनवरून आवाज आला, "बंत्री, मॅडम, बंत्री!" आलं, आलं म्हणून. खानापूर आणि जांबोटीही जुळले. टनेल मात्र जुळेना.

शो आयपी ओएसपीएफ नेबर ही शेजारी दाखवणारी कमांड दिली की बेळगावात जांबोटीच्या नावापुढं एक्सस्टार्ट, म्हणजे नकाशाची देवाणघेवाण सुरू होण्याआधीची पायरी, दिसायचं. फुल नाही, डाउनही नाही. थोडा वेळ तसंच राहायचं, मग पडायचं, मग परत एक्सस्टार्ट. पिंग, म्हणजे पोचतंय का ते पाहायची हाक, जात होता. हॅलो येत होते. गुप्त की दोन्हीकडं एकच होती, मी तीनदा तपासली. जांबोटीच्या राउटरवर जाऊन पाहिलं तर तिथं बेळगावच्या नावापुढं एक्सचेंज, म्हणजे एक पायरी पुढं. एकाच नात्याबद्दल दोघं दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगत होते, आणि खरी खूण तीच होती.

डीबग, म्हणजे राउटरचं आतलं बोलणं दाखवणारी सोय, लावला तेव्हा बेळगावचा राउटर सरळ सांगू लागला की शेजाऱ्याचा एमटीयू आपल्यापेक्षा मोठा आहे. एमटीयू म्हणजे त्या वाटेवरून एका खेपेत जाणाऱ्या पॅकेटची कमाल लांबी. साध्या इथरनेटवर १५०० बाइट. आमच्यासारखा जीआरई जातीचा टनेल त्यातले २४ स्वतःच्या वेष्टनाला घेतो, म्हणून उरतात १४७६. वर आयपीसेकचं कुलूप घातलं की आणखी कमी. दोन वर्षांपूर्वी मी दोन्हीकडं १४०० लिहिलं होतं. मधल्या काळात वीज पडून जांबोटीचा राउटर जळला, नवा बसवला, आणि ती एक ओळ त्यात लिहायची राहून गेली. नवा राउटर १४७६ वरच होता. हॅलो पॅकेटमध्ये एमटीयूचा उल्लेखच नसतो, म्हणून ओळख होते. पुढं नकाशाची यादी द्यायची वेळ येते त्या पॅकेटमध्ये प्रत्येक जण आपला एमटीयू लिहितो, आणि ज्याचा लहान असतो तो मोठ्याचं पॅकेट नाकारतो. तिथं गाडी अडते.

यावर एक झटपट उपाय आहे. एमटीयूकडं दुर्लक्ष कर, असं ओएसपीएफला एका ओळीत सांगता येतं. मी तो केला नाही आणि कुणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यानं शेजार जुळेल, पण लांबीचा फरक तसाच राहील आणि मोठं पॅकेट कधीतरी वाटेत अडकेलच. टनेल चाचणीला लावला की जांबोटीत महिन्याचं स्टेटमेंट उघडताना पडदा गोठतो, ही तक्रार मावशींनी मला पूर्वी केली होती आणि मी ती मोबाइल लाइनच्या नावावर टाकली होती. कारण बहुधा हेच असावं. जांबोटीत १४०० लिहिलं, टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या मजकुराची कमाल लांबी, १३६० केला. काही सेकंदांत फुल. आणि ते स्टेटमेंट त्यानंतर गोठलेलं नाही.

आणखी एक गोष्ट इथंच सांगते. टनेलच्या दुसऱ्या टोकाचा खरा पत्ता मोबाइल मोडेममधूनच बाहेर जाईल, असा एक स्टॅटिक राउट मी कायमचा ठेवला आहे. तो पत्ता जर ओएसपीएफनं टनेलमधूनच शिकला, तर टनेलला जायची वाट टनेलच्या आत जाते आणि राउटर तो बंद करतो. सगळे स्टॅटिक राउट वाईट नसतात.

संध्याकाळी मी जुने स्टॅटिक राउट काढले आणि बेळगावात शो आयपी राउट ओएसपीएफ करून पाहिलं. ओ अक्षराच्या ओळी आल्या. जांबोटीचा लूपबॅक १०.२५५.०.१, पुढं कंसात ११० आणि ३१. ११० म्हणजे ओएसपीएफचं अंतर, त्याच्यावरचा विश्वास, ३१ म्हणजे माझ्या वहीतला आकडा. मनाला फार बरं वाटलं. घरी गेले, झोपले.

त्या ३१ वर मी थांबायला नको होतं. तो लूपबॅकचा आकडा होता. जांबोटीतल्या कॉम्प्युटरांचं जाळं १०.२०.३०.०, त्याची ओळ त्या यादीत होती का, हे मी पाहिलंच नाही.

दुसऱ्या रविवारी मी स्वतः जांबोटीला गेले. पाऊस लागला होता. शाखेचे शिपाई मामा किल्ल्या घेऊन आधीच येऊन थांबले होते. बैलहोंगलचा सहकारी या वेळी टिळकवाडीत. काउंटरच्या कॉम्प्युटरवरून बेळगावच्या सर्व्हरला सतत पिंग लावला. रिप्लाय, टाइम ४ मिलिसेकंद, ४, ५, ४. मग मी मीडिया कन्व्हर्टरपाशी गेले. राउटरची केबल काढायची नव्हती. ती काढली तर इंटरफेस पडतो आणि कुठलाही राउटर शहाण्यासारखा वागतो. मला ती दुपारच परत आणायची होती, राउटरचा दिवा हिरवा आणि बाहेरची वाट तुटलेली. म्हणून कन्व्हर्टरच्या मागची फायबरची बारीक पिवळी पॅच कॉर्ड दोन बोटांत धरून ओढली.

रिक्वेस्ट टाइम्ड आउट.

हे अपेक्षितच होतं. दर १० सेकंदांनी हॅलो येतो, ४० सेकंद एकही आला नाही तर शेजारी गेला असं धरायचं, हा तिथला मूळ नियम. मी घड्याळ पाहत उभी. चाळीस सेकंद झाले. जांबोटीच्या राउटरनं खानापूरला डाउन म्हटलं, टेबल बदललं, बेळगावची वाट आता टनेलमधून, खर्च ५०१. सगळं वहीतल्यासारखं. आणि पिंग? टाइम्ड आउट. मिनिट झालं. दोन मिनिटं झाली. मामा माझ्या खांद्यावरून पडद्याकडं पाहत होते. "ताई, त्या दिवशी असंच होतं," ते म्हणाले.

माझे हात गार पडले. माझ्या समोरच्या राउटरमध्ये एकही चूक दिसत नव्हती. मी टिळकवाडीला फोन लावला आणि सहकाऱ्याला म्हटलं, तिकडून इकडं ट्रेसराउट मार, वाटेतला एकेक राउटर दिसेल. त्यानं वाचायला सुरुवात केली. "खानापूर. बेळगाव. खानापूर. बेळगाव. मॅडम, तेच तेच यायलंय. खानापूर. बेळगाव."

तेव्हा डोक्यात लख्ख झालं. माझं पॅकेट टनेलनं बेळगावला पोचत होतं. सर्व्हर उत्तरही देत होता. ते उत्तर बेळगावचा राउटर खानापूरला पाठवत होता. खानापूरला माहीत होतं की जांबोटीची फायबर तुटली आहे, आता वाट बेळगावच्या टनेलमधून, म्हणून ते पॅकेट परत बेळगावला. बेळगाव परत खानापूरला. प्रत्येक राउटरपाशी पॅकेटचं आयुष्य एकेकानं कमी होतं आणि शून्यावर आलं की ते मरतं. म्हणजे खानापूर बरोबर होतं, जांबोटी बरोबर होतं, आणि बेळगावला कुणीतरी जुनीच वाट पकडायला लावत होतं.

"शो आयपी राउट १०.२०.३०.० कर. पहिलं अक्षर काय आहे?"

"एस, मॅडम."

स्टॅटिक. मी २०० अंतराचा टनेलवाला राउट काढला होता. खानापूरवाला, ज्याला अंतर लिहिलेलंच नव्हतं, तो राहिला होता. न लिहिलेलं अंतर म्हणजे १. ओएसपीएफचं ११०. राउटर कमी आकड्यावर विश्वास ठेवतो, त्यामुळं ओएसपीएफ कितीही खरं सांगत असला तरी त्या एका ओळीपुढं त्याचं काही चालत नव्हतं. आणि मी मागल्या रविवारी नेमकी अशी कमांड दिली होती की जी फक्त ओएसपीएफचे राउट दाखवते. ती एसची ओळ लपवते. चूक डोळ्यांसमोर होती आणि मीच तिच्यावर पडदा धरला होता.

त्यानं ती ओळ काढली. मी पडद्याकडं पाहत होते. रिप्लाय, टाइम ६८. मग ७४, ७१. मामांनी एक मोठा श्वास सोडला. मीही.

पॅच कॉर्ड परत लावली. थोड्या वेळानं आकडा आपोआप ४ वर आला. परत ओढली, या वेळी आठ ओळी टाइम्ड आउटच्या, आणि मग ७० च्या घरातला आकडा. मग दोन्ही बाजूंनी ट्रेसराउट, जायची वाट वेगळी तपासली आणि यायची वेगळी. आता हे मी कधी सोडत नाही. एका टोकावरून पिंग झाला म्हणजे वाट नीट आहे हे मी त्या दिवसापासून मानत नाही.

आठ ओळी म्हणजे चाळीसेक सेकंद. काउंटरवर नोटा मोजता मोजता व्यवहार अडकायला तेवढे पुरे. म्हणून फायबरच्या लिंकांवर हॅलो ३ सेकंद केला. सिस्कोवर मग डेड टाइमर, म्हणजे शेजारी गेला असं धरायची मुदत, आपोआप चौपट, १२, होतो. आधी फक्त खानापुरात बदलला आणि जांबोटी मुद्दाम तशीच ठेवून डीबग पाहिला. मिसमॅच्ड हॅलो पॅरामीटर्स, डेड आलेला १२, माझा ४०, हॅलो आलेला ३, माझा १०. शेजार तुटला. हे कसं दिसतं ते एकदा शांतपणे पाहून ठेवलं की रात्री अपरात्री ओळखता येतं. मग जांबोटीतही तेच आकडे घातले आणि कॉर्ड ओढली. तीन ओळी. मामांना म्हटलं, आता तुम्ही ओढा. त्यांनी हात पुसले, कॉर्ड ओढली, आणि मोठ्यानं मोजलं, "एक, दोन, तीन, आलं." पाच वेळा केलं आम्ही ते.

बाकीच्या शाखा पुढच्या महिन्यांत झाल्या. संकेश्वर आणि निपाणी विनासायास. चिकोडीला मी खानापूरचं कॉन्फिगरेशन कॉपी केलं आणि राउटर आयडी बदलायचा राहिला, लॉगनं लगेच ओरड केली. बैलहोंगलला गुप्त की जुळेना, कारण पेस्ट करताना शेवटी एक मोकळी जागा चिकटली होती, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. आता प्रत्येक शाखेत ओएसपीएफ बसवला की मी आधी शो आयपी राउट पूर्ण पाहते, एसच्या ओळी एकेक बोट ठेवून मोजते आणि प्रत्येकीला विचारते की तू इथं का आहेस. मग वही काढते. मग कॉर्ड ओढते. कॉर्ड ओढल्याशिवाय शाखेच्या नावापुढं टिक करत नाही.

प्रत्येक शाखेच्या रॅकवर मी एक कागद चिकटवला आहे, वर मराठी, खाली कन्नड. कुठला दिवा कशाचा, कुठली कॉर्ड कुठली, लाल लागला तर कुणाला फोन. कन्नड मजकूर सहकाऱ्यानं लिहून दिला.

या आषाढात सकाळी पावणेबाराला मामांचा फोन आला. "ताई, त्या डब्यावर लाल दिवा लागलाय. पण काउंटर चालू हाय. मावशी पासबुकं छापायल्यात. म्हणून म्हटलं, फोन करावा का नको."

"करायचाच, मामा. कंपनीला कळवायला हवं ना फायबर तुटल्याचं."

फोन ठेवून मी जांबोटीच्या राउटरचा लॉग उघडला. ११ वाजून ३८ मिनिटांनी खानापूरचा शेजारी फुलवरून डाउन, कारण डेड टाइमर संपला. फायबर जोडायला संध्याकाळ झाली. ५ वाजून ५२ मिनिटांनी लोडिंग टू फुल. दोन्ही वेळा वहीत जांबोटीच्या पानावर लिहिल्या, ३१ आणि ५०१ च्या खाली.